औंढ्याच्या फोटोबाई

औंढा नागनाथच्या पोस्टात माझी बदली झाली तेव्हा गावात झटपट फोटो काढून देणारी चार-पाच दुकानं होती, आणि मुळीच घाई न करणारं एक. मला नव्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता आणि मी नेमकी त्या एका दुकानात शिरले. त्याच दुकानाच्या माडीवर मी भाड्यानं खोली घेतली होती. घरमालकिणीला टाळून समोरच्याकडे जाणं बरं दिसलं नसतं.

सुभद्राबाई स्टुलावर उभ्या राहून पंखा पुसत होत्या. साठी ओलांडलेली उंच बाई. पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. मी म्हटलं, "पासपोर्ट साइजचा फोटो पाहिजे." त्यांनी वरूनच मला न्याहाळलं.

"जेवलात का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवा. उपाशी माणसाचा फोटो उपाशीच येतो."

मला चेष्टा वाटली. पण त्या खाली उतरल्या, दुकानामागच्या स्वयंपाकघरात नेऊन मला पाटावर बसवलं आणि ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. जेवण होईपर्यंत माहेर कुठलं, पोस्टात काय काम करता, माडीवर पाणी चढतं का, सगळं विचारून झालं. मग स्टुडिओत बसवून त्यांनी एक काळा चौकोनी डबा काढला. पुढून दोन भिंगं, एकाखाली एक. त्यातून पाहायचं ते वरून, मान खाली घालून. त्या माझ्यापुढं वाकून उभ्या राहिल्या, जणू नमस्कारच करताहेत.

"गिऱ्हाईकापुढं मान वाकवायला ह्या डब्यानंच शिकवलं मला," त्या डब्यात बघत म्हणाल्या. "न्हाई तर माझी मान कोणापुढं वाकली असती?"

"बराबर हाय," पडद्यामागून एक पुरुषी आवाज आला. ते प्रभाकरकाका, त्यांचे यजमान. देवस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले, रेडिओ कानाला लावून बसणारे. बायकोच्या प्रत्येक वाक्याला 'बराबर' म्हणणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय होता.

फोटो कधी मिळेल, असं विचारलं तर उत्तर आलं, "रोल भरला की धुते. घाई असंल तर समोर जा, तो पाच मिन्टात देतो. मी काय राग मानत न्हाई."

मी समोर गेले नाही. पोस्टमास्तर रोज विचारायचे आणि मी रोज, "रोल भरायचाय," म्हणून सांगायची. शेवटी फोटो आला. तळहातावर मावणारा, काळा-पांढरा. पाहिला आणि मला पहिल्यांदाच कळलं की मी माझ्या आत्यासारखी दिसते. इतकी वर्षं ही गोष्ट आरशानं मला सांगितली नव्हती.

त्या दिवसापासून सुभद्राबाईंची मी मावशी केली आणि त्यांनी मला 'पोस्टबाई'.

गावात मात्र त्यांना सगळे फोटोबाईच म्हणत. नागनाथाच्या दर्शनाला आलेले भाविक, शिरड शहापूरची, जवळाबाजारची शेतकरी कुटुंबं, नव्यानं लग्न झालेली जोडपी, सगळ्यांचे फोटो त्या रोलवर काढायच्या. रोल पार्सलनं यायचे. ते माझ्याच हाताखालून जायचे, म्हणून मला त्याबद्दल सक्त ताकीद होती. पार्सल आलं की काउंटरवर येऊन रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "पोस्टबाई, उन्हात ठेवू नको गं. त्यात लोकांची तोंडं यायचीत अजून!" रांगेतले लोक त्या खोक्याकडे जरा दबकूनच बघायचे.

त्यांचा धंद्याचा एकच कायदा होता. जे समोर न्हाई, ते फोटोत न्हाई. ह्या कायद्यापायी त्यांनी बरीच गिऱ्हाइकं घालवली. एकदा जवळच्या एका गावचे माजी सरपंच आले. त्यांना मोठा फोटो हवा होता, बैठकीत लावायला. फोटो बघून म्हणाले, "बाई, चेहरा झकास आलाय. फक्त पोट जरा कापा."

"पोट कापायचं असंल तर नांदेडला दवाखान्यात जा," मावशी म्हणाल्या. "हितं तुमी जेवढे आलात तेवढे सगळे मिळताल."

सरपंच लाल झाले. क्षणभर वाटलं, आता भांडण. पण त्यांच्या बरोबरच्या बायकोला हसू आवरेना, तोंडाला पदर लावून ती खुर्चीवर बसूनच राहिली, आणि तिच्या हसण्यानं शेवटी सरपंचही हसले. तो फोटो पोटासकट बैठकीत लागला. पुढं कधी त्या गावी गेलं की लोक म्हणायचे, ह्या फोटोत सरपंच आत्ता बोलतील असं वाटतं.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट कॉम्प्युटरची आहे.

मावशी फोटो धुवायच्या मोरीत आणि छापायच्या अंधाऱ्या खोलीत. छापताना फिल्ममधून पडणाऱ्या उजेडात हात घालायच्या. कुठं तळहाताची सावली, कुठं दोन बोटांची फट. "चेहरा जळून राहिला उन्हानं, त्याला जरा सावली द्यायची. लेकराला पदराची देतो तशी," असं म्हणत त्यांचा हात त्या उजेडात हलत राहायचा आणि कागदावर माणूस उगवायचा. मी एकदा पाहिलं आणि पुढचे कितीतरी दिवस कुणाकडंही बघताना त्याच्यावर ऊन कुठून पडलंय ते बघत राहिले.

मग छापायचा कागद मिळेनासा झाला. रोल मिळायचे, औषधं मिळायची, पण कागद नाही. नांदेडच्या व्यापाऱ्यानं धंदाच बंद केला. दुसरीकडून मागवलेला एक गठ्ठा आला तो आधीच कुठंतरी उजेड लागलेला. टाकला औषधात की सगळा काळा. मावशी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. काका घाबरले, त्यांना 'बराबर' म्हणायला काही मिळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माडीवर आल्या.

"पोस्टबाई, रविवारी हिंगोलीला चल. रोल तसाच राहीन. कागदबी राहीन, आता दुसऱ्या जातीचा मिळतो म्हणतात, शाईचा. मधी फक्त कॉम्प्युटर बसवायचा. त्याला जे सॉफ्टवेअर लागतं ते बघून येऊ. तुला इंग्रजी वाचता येतं."

बघून येऊ, हे त्या सोयरिकीच्या सुरात म्हणाल्या, आणि खरोखर तशाच निघाल्या. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत एक निगेटिव्ह.

ती निगेटिव्ह होती मारोतीमामांची. हे सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारे म्हातारे. मावशीची आणि त्यांची जुनी ओळख. फोटोत ते होडीत उभे, भर उन्हात. धोतर इतकं पांढरं की डोळे दिपावेत, आणि चेहरा डोक्यावरच्या टॉवेलच्या सावलीत, काळा. मामांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला; भावानं गळ फेकताना लागला होता. बुबुळावर नुसतं पांढरं फूल.

"ज्याला ह्या धोतराच्या चुण्या आन् ह्या तोंडाच्या सुरकुत्या दोन्ही एका कागदावर दाखवता येतील, तो माझा जावई," मावशी बसमध्ये म्हणाल्या. "बाकीच्यांला चहा पाजून वाटंला लावायचं."

पहिल्या दुकानातल्या माणसानं सगळ्यात नावाजलेलं सॉफ्टवेअर दाखवलं. सगळं उत्तम होतं. मावशी खूश झाल्या, खुर्ची पुढं सरकवली. मग तो म्हणाला, ह्याचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात. नाही भरले की बंद.

"आन् म्या केलेलं काम?"

"तेबी उघडणार नाही मग."

मावशी उठल्या. "घर भाड्यानं घ्यावं, दुकान भाड्यानं घ्यावं. डोळे भाड्यानं घेतात का?"

तो बिचारा हळूच म्हणाला की फुकटात चोरून टाकून देता येईल, सगळेच टाकतात. त्यावर मावशीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं आपण होऊन पंखा वाढवला. "चोरीच्या भांड्यात नैवेद्य शिजवत न्हाईत," एवढंच म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. त्या सॉफ्टवेअरचं नाव तेव्हापासून भाडेवाला.

मग आम्ही फैयाजभाईंकडे गेलो. त्यांचं स्कॅनर-प्रिंटरचं दुकान. माणूस हौशी, बोलका, आणि मुख्य म्हणजे त्यांना कंटाळा येत नसे. त्यांनी निगेटिव्ह दोन बोटांनी कडेला धरून उचलली, तेव्हाच मावशीनं माझ्याकडं बघून मान डोलावली. ह्याला धरायचं कसं ते कळतं.

फैयाजभाईंनी मामांना स्कॅन करून पडद्यावर आणलं आणि म्हणाले, "मावशी, आपके वास्ते एकदम नया दिखाता. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. एक बटन."

एक बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरलं आणि मारोतीमामा बदलले. सुरकुत्या इस्त्री मारल्यासारख्या गेल्या. मागच्या कोऱ्या आभाळात ढग आले. आणि डावा डोळा आला. चांगला टपोरा, चमकदार डोळा.

"देखो! डोळा भी आ गया!" फैयाजभाईंनी टाळी वाजवली. दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही वाजवली.

मावशी पडद्याजवळ सरकल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "फैयाजभाई, हा मारोतीमामाला ओळखतो का वो?"

"कौन?"

"हा तुमचा बटनवाला. ओळख न्हाई, पाळख न्हाई. ह्यानं डोळा काहून दिला? कोणाचा काढून दिला?"

फैयाजभाई गडबडले, हसले, आणि मग खरंच विचारात पडले. "बात तो सही है," ते म्हणाले. "किसका है ये?" त्यांनी पुन्हा जवळ जाऊन पाहिलं. तो डोळा कुणाचाच नव्हता. विशीतल्या पोराचा असावा तसा, आणि बघत होता तो भलतीकडंच. तरी नमुना म्हणून त्यांनी त्याची एक प्रत छापून दिली, काकांना दाखवायला. त्या सॉफ्टवेअरचं नाव पडलं मेकअपवाला.

कॉम्प्युटर, स्कॅनर आणि प्रिंटर मावशीनं तिथंच घेतले आणि निघताना फैयाजभाईंनी त्यावर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट होतं, पण चोरीचं नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, कुणीही वापरावं असं. "इसमें बटन कम, मेहनत ज्यादा," ते म्हणाले. "लेकिन आपका हाथ चलेगा." हा झाला फुकट्या.

पुढचे दोन महिने माझ्या रविवारच्या दुपारी फुकट्याच्या सेवेत गेल्या. मी पाट्या वाचायची, मावशी माऊस चालवायच्या, काका खाटेवर बसून रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचे. पहिल्यांदा आम्ही त्याची भाषा मराठी करून पाहिली. दोन पाट्या वाचल्यावर मावशी म्हणाल्या, "हे मराठी कोणत्या गावचं हाय? बदल बाई, इंग्रजीच बरं. ते कळत न्हाई हे तरी कळतं."

फुकट्याचं घर मोठं होतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून माळवदावर. "मोरी कुठं हाय तेच सापडंना," मावशी वैतागायच्या. पण एकेक खोली सापडत गेली. निगेटिव्हवरची धूळ टिपायची जागा सापडली, तेव्हा त्यांनी गहू निवडावेत तशी सगळी दुपार बसून धूळ निवडली. सावली द्यायचा ब्रश सापडला, तेव्हा माऊस सोडून त्यांनी पडद्यासमोर नुसताच हात हलवून पाहिला, जुन्या सवयीनं. आणि थर सापडले त्या दिवशी तर त्यांनी काकांना खाटेवरून उठवून आणलं.

"हे बघा, गोधडी हाय ही! खालचं धडुतं तसंच राहतं, वरून ठिगळ. ठिगळ जमलं न्हाई तर उसवायचं. खालच्याला धक्का न्हाई. अंधाऱ्या खोलीत एकदा चुकलं की कागद गेला. हितं चुकायला मोकळीक हाय!"

"बराबर हाय," काका म्हणाले.

खरी मारामारी झाली ती पडदा आणि कागद यांच्यात. पडद्यावर मामांच्या धोतराच्या चुण्या दिसायच्या आणि कागदावर नुसता चुना. मावशी कागदाच्या अरुंद पट्ट्या कापून त्यावर छापून बघायच्या. ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर लिंबाच्या सावलीत, सकाळच्या उजेडात. दोन पट्ट्या काकांपुढं धरून विचारायच्या, "कोणती चांगली?" काका नीट निरखून म्हणायचे, "दोन्ही." एकदा तर मावशीनं मुद्दाम एकच पट्टी दोनदा दाखवली. काका म्हणाले, "ही जरा जास्त चांगली." आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरचा पाच मिनिटवाला दुकानातून बाहेर येऊन बघू लागला.

शेवटी त्यांनी पडद्याचाच उजेड कमी केला, कागदाइतका मंद होईपर्यंत. "हा पडदा चढवून सांगतो," त्या म्हणाल्या. "त्याला आधी जमिनीवर आणायचा." त्यानंतर फुकट्यातच एक खोली सापडली जिथं छापण्याआधी ह्या कागदावर कसं दिसेल ते बघता यायचं. तिथून धोतराच्या चुण्या उतरल्या. आणि एका रविवारी टॉवेलच्या सावलीतला मामांचा चेहराही उतरला, सुरकुतीन् सुरकुती, एका डोळ्यासकट. मावशीनं ती प्रत लिंबाखाली धरली. मग म्हणाल्या, "आला."

त्या फोटोसाठीच त्या आठवड्यात मारोतीमामा औंढ्याला आले. मी पोस्टातून जेवायला घरी आले होते. मामा बाकावर बसले होते, टॉवेल मांडीवर. मावशी आत प्रत आणायला गेल्या, आणि तेवढ्यात मामांना काउंटरच्या काचेखाली ठेवलेला दुसराच कागद दिसला. मेकअपवाल्याचा नमुना. मावशीनं तो तिथं गिऱ्हाइकांना हसायला ठेवला होता.

मामा उठले. काचेवर दोन्ही हात टेकवून त्यावर वाकले. मावशी बाहेर आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. हसायला ठेवलेला कागद ज्याचा होता, तोच समोर उभा होता.

"मामा, ते... ते हिंगोलीच्या मशिनीनं केलं. फाडूनच टाकते."

"नका फाडू बाई." मामांनी मान वर केली नाही. "आसा दिसलो आसतो व्हय मी?"

काकांनी रेडिओ बंद केला.

"माही माय म्हनायची," मामा म्हणाले, "तुहे डोळे लई चांगले व्हते रे मारोत्या. दोन्ही. म्या काय बघितले न्हाईत. आरसाच नव्हता घरात तवा. डोळा गेला आन् मंग आरसा आला." ते हसले. मग म्हणाले, "बाई, मला ह्योबी एक द्या की. तुमचा चांगलाच हाय. पर ह्योबी द्या."

मावशीनं त्यांना जेवू घातलं आणि आपला फोटो दिला. दुसऱ्याचं मात्र, "बघते," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरचे काही दिवस त्यांचा कशावरच जीव लागेना. भाकरी करपली. एका नवरदेवाला जेवलास का विचारायचं विसरल्या. संध्याकाळी ओसरीवर मला म्हणाल्या, "सगळी उमर एकच गोष्ट सांगत आले. समोर न्हाई ते फोटोत न्हाई. सरपंचाचं पोट न्हाई कापलं. आता ह्याला डोळा देऊ?"

"मग नाही म्हणा."

"काय म्हणून न्हाई म्हणू? त्यानं काय लबाडी मागितली? माय सांगायची तेवढं एकदा बघायचंय त्याला." मग त्या म्हणाल्या, "पर तो हिंगोलीचा डोळा म्या देणार न्हाई. तो परका हाय. परक्याच्या डोळ्यानं माय कशी ओळखंल?"

काका अंधारातून म्हणाले, "त्याचाच दुसरा हाय की."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मावशीनंही पाहिलं. त्या वाक्यात 'बराबर' नव्हतं.

पुढच्या रविवारी मावशी फुकट्यासमोर बसल्या. मामांच्या उजव्या डोळ्याचं ठिगळ काढलं, आरशातल्यासारखं उलटं केलं आणि नव्या थरावर डाव्या डोळ्याच्या जागी ठेवलं. बसलं. पण काहीतरी चुकत होतं. मला कळेना. मामा जरा वेड्यासारखे दिसत होते. मावशी खुर्ची मागं सरकवून, चष्मा काढून, पुन्हा लावून बघत राहिल्या. मग त्यांनी बोट ठेवलं. चांगल्या डोळ्यात उन्हाचा एक बारीक ठिपका होता, उजव्या अंगाला. उलटा केल्यावर दुसऱ्यातला ठिपका डाव्या अंगाला गेला होता.

"दोन डोळ्यांत दोन सूर्य झाले," त्या म्हणाल्या. "सूर्य एकच हाय."

तो ठिपका त्यांनी पुसला आणि बरोबर जागी पुन्हा ठेवला. पापणीची सावली थोडी गडद केली, कारण तो डोळा टॉवेलच्या जास्त खाली होता. मग भुवईखालची जखमेची रेघ तशीच ठेवली. मी विचारलं, ही का पुसत नाही? म्हणाल्या, "गळ लागलाच व्हता की. डोळा वाचला, एवढंच."

लिंबाखाली प्रत धरली, तेव्हा तिथं मारोतीमामा होते, आपल्या दोन्ही डोळ्यांनी एकाच जागी बघत असलेले. सत्तर वर्षांच्या माणसाचे, पाण्यावरच्या उन्हानं बारीक झालेले डोळे.

"ठरलं," मावशी म्हणाल्या. "हाच जावई. दुसरं काय न्हाई, ह्यानं मधी मधी केलं न्हाई."

फोटो द्यायला आम्ही सिद्धेश्वरला गेलो, काकासुद्धा. मामांचं घर धरणाच्या खालच्या अंगाला, दारात जाळी वाळत घातलेली. मामांनी हात धुतले, पुसले, आणि फोटो घेतला. दारात उजेडाला नेला. त्यांनी अंगठ्यानं फोटोतल्या डाव्या डोळ्याच्या बाजूला अलगद, कागदाला न टेकवता, एक घिरटी घातली.

"हां," ते म्हणाले. "बराबर सांगत व्हती ती."

मग आतून गिरजाबाई आल्या, त्यांची बायको. ठेंगणी, तुरतुरीत, हाताला पीठ. त्यांनी फोटो पाहिला, मामांकडं पाहिलं, परत फोटो पाहिला.

"ह्यो कोन परका बाप्या आनला घरात?"

"आगं, मीच हाय."

"तुमी कशाचे! माह्या लग्नात तर आसा कोनी नव्हता." त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "हितं लावू नका बरं का भितीला. मला काम सुधरायचं न्हाई. दोन डोळ्यांनी बघून राहिलाय मेला."

मावशी हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. मामा लाजले, सत्तरीचा माणूस कानापर्यंत लाल झालेला मी तिथं पाहिला. शेवटी तह झाला. मावशीनं आधी दिलेला एका डोळ्याचा फोटो भिंतीवर राहील, कारण तो घरधनी. आणि दोन डोळ्यांचा मामांच्या पेटीत, कारण तो आईचा मारोत्या. गिरजाबाईंनी आम्हाला मरळ माशाचं कालवण केलं. मावशी खात नसत, त्यांच्यासाठी पिठलं. जेवताना त्यांनी मावशीच्या कानाशी लागून विचारलं, "बाई, ह्यांचे दात बी बसवता येतात का वो त्याच्यात?"

"न्हाई," मावशी ठामपणे म्हणाल्या. "एका माणसाला एकदाच."

नंतर माझी परभणीला बदली झाली. अधूनमधून फोन होतात. फुकट्याची नवी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही, म्हणाल्या, "जावई सुधारला म्हणतात, पर मला जुनाच सवयीचा हाय." फैयाजभाई आता आपल्याकडं येणाऱ्या फोटोवाल्यांना औंढ्याला पाठवतात, मावशीकडून शिकून या म्हणून. मावशी त्यांना आधी जेवायला घालतात की नाही ते मी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी परभणी-हिंगोली गाडीनं चालले होते. औंढ्यात शिरताना गाडी एकदम थांबली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, मग तिसऱ्यांदा दाबून धरला. मी खिडकीतून मान बाहेर काढली. रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून एक नव्वदीची म्हातारी बसवली होती, तिच्या भोवती मुलं, सुना, नातवंडं, असं मोठं कुटुंब. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या सावल्यांमधून सकाळचं ऊन नेमकं तेवढ्याच पट्ट्यात पडलं होतं. आणि बसकडं पाठ करून मावशी उभ्या होत्या. त्यांनी मागं न बघताच एक हात वर केला होता, थांबा म्हणून.

कंडक्टर तणतणत खाली उतरला. मी म्हटलं, आता होणार. तो हातवारे करत त्यांच्यापर्यंत पोचला. मावशीनं त्याला काहीतरी सांगितलं. तो थबकला, म्हातारीकडं पाहिलं. मग मला दिसलं ते असं, की आमचा कंडक्टर तिकिटाचं मशिन काखोटीला मारून, एक पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून धरून, म्हातारीच्या चेहऱ्यावर उजेड पाडत उभा आहे, आणि मावशी त्याला जरा डावीकडं सरक म्हणून सांगताहेत.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडीतले लोक खिडक्यांना लटकले. कुणीतरी ओरडलं, "आजी, हसा!" आजी हसली नाही, पण तिची सगळी नातवंडं हसली.

खुर्ची बाजूला झाली. कंडक्टर परत आला तो एकदम वेगळ्या तोऱ्यात, आणि त्यानं ऐटीत डबल बेल दिली. बस मावशीच्या अगदी जवळून निघाली. त्यांनी वर पाहिलं आणि मला ओळखलं. चेहरा उजळला, हात उंचावून त्यांनी मोठ्यानं मला काहीतरी विचारलं. इंजिनच्या आवाजात एक अक्षरही ऐकू आलं नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय त्या हलणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन, जोरजोरात मान हलवून ओरडले, "व्हय!"

त्यांचं समाधान झालेलं दिसलं.